चाळणीखालची माणसं

सोमवार, ३ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची धुळ्याला. वरणगावहून भुसावळ, भुसावळहून जळगाव, तिथून पुन्हा दुसरी गाडी, आणि सगळीकडे मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी. कंडक्टर म्हणाला, अक्का, पिशवी खाली ठेवा. मी म्हटलं, वांगी दबली तर नातीला काय तुझं डोकं भाजून घालू? अख्खी गाडी हसली, तोही हसला.

माझी नात संघमित्रा, आम्ही मित्राच म्हणतो, इथे देवपुरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. आता मी हिवाळाभर तिच्याजवळ. ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस ते यात लिही, म्हणजे मला काम करता येईल. मी प्रौढ वर्गात तिसरीच्या पुस्तकापर्यंत शिकले आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण कोणाला दाखवायचंय?

खालच्या मजल्यावर शिरपूरकडची हेमलता राहते. जिन्यात बसून लसूण सोलत होती. ओळख ना पाळख, मला म्हणाली, "आजी, बठ्ठं बरं शे ना?" सगळं बरं आहे ना, एवढंच अहिराणीत विचारलं तिने, पण जीव निवला.

तक्रार एकच. मित्रा मान वर करून बघत नाही. डोळे सारखे त्या पडद्यात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आज तिचं काम समजून घेतलं. गावोगाव म्हाताऱ्यांना तपासायला बायका जातात. कोणाला भेटायचं ते त्यांना पडद्यावर दिसतं. जिल्ह्याची सगळी माणसं त्यात आहेत, म्हणून प्रत्येकीने आपापलं फिल्टर लावून ठेवलंय. माझंच गाव, सत्तरीच्या वरचे, साखरेच्या आजाराचे. ती ठेवलेली फिल्टरं आता जुन्या साच्यातून नव्या साच्यात न्यायची. साच्याला मेटाडेटा म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे चाळणी गं. ती म्हणाली, अगदी तस्संच.

मग मी तिला शिकवलं. गव्हाच्या चाळणीत वर राहतं ते आपलं, पिठाच्या चाळणीत खाली पडतं ते आपलं. चाळणी बदलली तर आधी हे बघावं. ती हूं म्हणाली. ऐकलं की नाही कोण जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर
आज माझा मान. खऱ्या यादीला हात लावण्याआधी खोट्या नावांवर चाचणी घेतात म्हणे. ती कखग, कखग अशी काहीतरी नावं टाकत होती. मी म्हटलं, ही कसली नावं, मी देते की चांगली. आमच्या गल्लीतले तोताराम नाना सांगितले. विहाराचं कुलूप रोज उघडणारे निंबाभाऊ सांगितले. मग हेमलता. मग म्हटलं, माझंही घाल, द्रौपदाबाई, कॉम्प्युटरात नाव कधी जायचं माझं? आणि माझ्याखाली तुझं. ती म्हणाली, आपलं नाव घालत नसतात. मी हट्टच धरला, दोघी एका चाळणीत राहू दे. हसत हसत घातलं तिने. शेवटचं.

रोज दुपारी चारला यंत्र आपोआप एकेक नाव नव्या साच्यात नेईल. घाई केली तर चूक कुठे झाली ते कळत नाही. काम झालं की टिंग वाजतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
काल चारला तोताराम नानांचं नाव गेलं. मला कोण हौस, आज त्यांना सांगायला फोन लावला. सून ममताने उचलला. नानांना दे म्हटलं तर म्हणाली, कोण नाना? थट्टा वाटली. पण ती आवाज न चढवता सांगत राहिली की घरात नाना कोणी नाहीत, ओट्यावर तर तिच्या नवऱ्याची मोटारसायकल असते.

ओट्यावर चाळीस वर्षं नाना बसतात.

मित्राला सांगितलं. तीही म्हणाली, कोण तोताराम? लहानपणी त्यांच्या सायकलवर बसून शाळेत गेलीये ती.

शनिवार, ८ नोव्हेंबर
काल चारला निंबाभाऊ गेले. आज दिराला फोन करून विचारलं. निंबा नावाचा माणूस त्यांना ठाऊक नाही. मग विहार कोण उघडतं? म्हणाले, सकाळी कुलूप उघडलेलंच असतं, झाडलेलंही असतं. कोण झाडतं ते कोणी पाहिलं नाही.

आज आणि उद्या सुट्टी आहे, यंत्र चालत नाही. सोमवारी हेमलता.

सोमवार, १० नोव्हेंबर
सकाळपासून जिन्यात हेमलताजवळच बसले. लसूण सोलला, तिच्या माहेरच्या गप्पा ऐकल्या. तिचा हातही धरून ठेवला. तिला हसू आलं. वर टिंग वाजलं. माझ्या हातात नुसता लसूण.

तिचा नवरा कामावरून आला. कुलूप लावलेलं दार उघडून आत गेला. मी विचारलं तर म्हणाला, मी एकटाच असतो, आजी.

मित्रापुढे हात जोडले. म्हटलं, ती यादी पूस. ती म्हणाली, चूक सापडलीये. जुन्यात लिहिलेलं नाव म्हणजे ठेवायचं, नव्याने ते वगळायचं असं वाचलं. खऱ्या बायकांचं सगळं नीट केलंय. फक्त चाचणीची यादी तशीच राहिली.

"चाचणीचीच नावं आजी, खोटी. कोणाला काय फरक पडतो?"

त्यात माझं आहे, तुझं आहे, म्हटलं. बरं, उद्या जेवण झालं की पुसते, म्हणाली. डॉक्टरकडे कधी नेऊ, असं हळूच फोनवर बापाला विचारत होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी आठवण दिली. जेवताना दिली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. दोन वाजले. तीन. मी तिचा खांदा हलवला, तिने बोट वर केलं — एक मिनिट, आजी.

टिंग.

फोन ठेवला. उठली. चहा एकच कप टाकला. माझ्या अंगावरून चालत — नाही, मी बाजूला झाले. माझी गादी बघून थबकली, मग घडी करून माळ्यावर टाकली. मग बापाचा फोन आला, त्याने काहीतरी विचारलं असेल. म्हणाली, एकटीच तर असते मी.

बुधवार, १२ नोव्हेंबर
पडद्यावर एकच नाव उरलंय. तिचं. मला वाचता येतं.

बटणं दाबली. सगळी दाबली. काही उमटत नाही —

जिन्यात हेमलता बसलीये. परवाचीच साडी. नवऱ्याला हाका मारून घसा बसलाय. मला बघून रडली. बठ्ठं बरं शे ना, म्हणाली.

तीन वाजले. वही मित्रापुढे उघडी ठेवली. मोठ्या अक्षरात लिहिलं, तुझं नाव पूस. तिने वही ओढली. कोरं पान दिसलं तिला. माझ्या ओळींवरून भाजीची यादी लिहिली. मेथी. वांगी, भरताची.

साडेतीन. एक मन म्हणतं, चारला ती खाली पडली की मी तिला दिसेन. एक मन कसलं, माझंच — दोघी एका चाळणीत, मीच म्हटलं होतं. नको. तिचं वय सव्वीस. तिचा बाप फोन लावेल आणि कोणाला लावतोय ते त्याला —

चारला पाच कमी. मित्रा, शेवटचं नाव. पूस बाई. पूस. पूस गं —

टिंग वाजलं.

तिने मान वर केली. थेट माझ्याकडे बघतेय. किती दिवसांनी. हसली. म्हणतेय, आजी, अगं तू कधीपासून इथे —