काट्यावर माझा विश्वास न्हाय

कोल्हापूर, १२ डिसेंबर १९८८

सयाजीच्या बाबांस झुंबरबाईचा नमस्कार.

चष्मा कपाळावर असेल, घरभर शोधू नका. नात लिहितीय, मी सांगतीय.

माझं बरं हाय. डॉक्टर म्हणाला, मुंबईत नवं मशीन आलंय. बाहेरूनच धक्के देऊन मूतखडा फोडतं, चाकू लागत न्हाय. पण माझं वजन ब्याण्णव किलो. एवढ्या मांसातून धक्का खड्यापर्यंत पोचायचा न्हाय म्हणे, आधी दहा किलो उतरवा.

चाळीस वर्षं तुम्ही हेच म्हणताय. त्याला तुम्हीच पढवलं न्हाय न्हवं?

मला काट्याचाच संशय आला. लग्नापासून पायात असलेले चांदीचे तोडे काढून पुन्हा उभी राहिले. काटा किलोभर हलला. बाकी सगळी मीच.

पाय मोकळे, त्यामुळं झोप न्हाय. वजन न्हाय उतरलं तर चाकूच. तुम्ही वेळेवर जेवता की म्हशीलाच आधी वाढता?

लाडू पाठवू नका, डब्याकडं बघून जीव जाईल. खड्यावर हुलग्याचं कढण चांगलं म्हणतात, तेवढे नवे हुलगे पाठवा. नीट निवडून पाठवा, खडा माझ्याजवळ हाय एक.

झुंबरबाईचा अंगठा