गोष्टीतल्या नवऱ्याचा चेहरा

आई,

तुझी बांगड्यांची गोष्ट मी चित्रांत काढली. पूर्ण केली. हे तुला सांगायला हवं असं गेले काही महिने मनात घोळतंय, आणि दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे. बाबा ओटीवर पेपर वाचताहेत. मी शाळेचं काही काम करतेय असं त्यांना वाटतंय, वाटू दे. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नुकती लागले होते. आता माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची मुलं चित्रकलेच्या तासाला समोर बसतात. तुझा आवाज आठवायचा तर हल्ली थोडं थांबावं लागतं. वाक्यं मात्र लगेच आठवतात, ती छापलेली आहेत म्हणून असेल.

पावसच्या अलीकडे एका कलमांच्या बागेत जुनं जांभ्या दगडाचं घर आहे. तिथे या हिवाळ्यात एक निवासी कार्यशाळा झाली. चित्रकारांनी तिथे राहायचं, प्रत्येकाने एक मराठी कथा निवडायची आणि तिचं कॉमिक्स करायचं, असं तिचं स्वरूप. रोज आमची पानं बघायला आणि चुका दाखवायला पुण्याची एक चित्रकार होती, माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान, पण या कामात मुरलेली. शेवटी सगळ्यांच्या चित्रकथांचं मिळून एक पुस्तक निघणार होतं. तुला कॉमिक्स म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं लोळून वाचायचो ती रंगीत पुस्तकं, एवढंच माहीत. आता त्यात संसार, आजारपण, मरण, सगळं येतं. बाकीची मुलं टॅबवर काढणारी. ब्रश आणि शाईची बाटली घेऊन गेलेली मी एकटीच. एका मुलीने माझा हात काळा झालेला बघून पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, हे धुतल्यावर जातं का?"

जायच्या आधी बाबांना विचारलं होतं. म्हटलं, आईची गोष्ट घेऊ का? ते इतके खूश झाले. "घे की! कुठली घेतेस?"

"बांगड्यांची."

"छान आहे ती. कचेरीत सगळ्यांना आवडली होती." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

तू ती गोष्ट लिहीत होतीस ते दिवस मला आठवतात. गणपतीनंतरची दुपार, शाळेत शिकवून तू आलेली असायचीस, आणि स्वयंपाकघरात चुलखंडाशेजारी पाट उभा करून त्याला टेकून तू परीक्षेच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायचीस. आम्ही पाणी प्यायला आत आलो तरी मान वर करायची नाहीस. उभ्या आयुष्यात तू चारपाच गोष्टी लिहिल्यास, त्यातली ही एक रत्नागिरीबाहेरच्या दिवाळी अंकात आली. गोष्ट किती साधी आहे! नवरा दुपारी न सांगता दोन पाहुणे जेवायला घेऊन येतो. बायको घरातले होते तेवढे सगळे बांगडे तळते आणि वाढते. एक पाहुणा विचारतो, वहिनींना ठेवलेत ना? नवरा हसून म्हणतो, "छे! तिला मासे आवडतच नाहीत." ती हसली, असं तू लिहिलंयस. फक्त तेवढंच. मग पाहुणे जातात, ती सार आणि भात जेवते, तवा घासते. आणि त्या दिवसापासून ती मासे खाईनाशी होते, कारण नवऱ्याचं बोलणं खोटं पडायला नको.

आमची आई मासे खात नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तुझ्या हातचं तळण आजूबाजूच्या चार घरांत नावाजलेलं, आणि तू स्वतः ताक-भात जेवायचीस. काका-आत्या यायचे ते म्हणायचे, हिला वासच सहन होत नाही. वास सहन न होणारी बाई रोज सकाळी विळीवर बसून मासळी साफ कशी करते, हे आमच्यापैकी कोणाला कधी सुचलं नाही. अंक घरात आला, आम्ही सगळ्यांनी वाचला, बाबांनी तो कचेरीत नेऊन दाखवला, आणि रविवारी पुन्हा तू आम्हाला बांगडे वाढलेस. आम्ही खाल्ले.

लिहिलेल्या गोष्टीत नवऱ्याला चेहरा लागत नाही गं. "तो हसून म्हणाला" एवढ्यावर भागतं, ज्याने त्याने आपापला नवरा मनात आणावा. चित्राच्या चौकटीत तसं चालत नाही. मी पहिल्या पानांत तो माणूस पाठमोराच ठेवला. कधी नुसती मान, कधी ताटावरचा हात. ती पुण्याची मुलगी पानं बघून म्हणाली, "ताई, हा किती वेळ पाठ करून बसणार आहे?" मग मी त्याला समोर वळवला. जाड मिशा, बारीक डोळे, सुटलेलं पोट. तिने बराच वेळ बघितलं.

"हा वाईट माणूस आहे," ती म्हणाली.

"मग? आहेच की."

"गोष्टीत नाहीये. गोष्टीतला माणूस चांगला आहे. पाहुण्यांना प्रेमाने घरी आणतो. त्याला खरंच वाटतंय की तिला आवडत नाहीत. हा तुमचा मिशीवाला बोलला तर वाचणारा म्हणेल, आहेच मेला तसा, आणि पान उलटेल. त्याला जरा मायेने काढा ना. मग ते वाक्य लागेल."

तिचं बोलणं ऐकताना मला तू माझ्यावर रागावली होतीस ती दुपार आठवली. मी सहावी-सातवीत असेन. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे मी आत्याला काढलं होतं, हे एवढं नाक आणि त्यावर चामखीळ. सगळे हसले. तू ओल्या हाताने तो कागद उचललास आणि म्हणालीस, "व्यंग काय कोणीही काढेल. माणूस काढ." मला फार लागलं होतं ते. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते, आणि तूही माझी समजूत काढायला आली नाहीस.

मग मी माणूस काढायला बसले. शाळेतल्या शिपायाचा चेहरा घेऊन बघितला, आपल्या किराणा दुकानदाराचा घेतला, एसटीत रोज दिसणाऱ्या एका कंडक्टरचा घेतला. कोणाच्याच तोंडी ते वाक्य बसेना. खिडकीबाहेर मोहोरावर फवारणी चालू होती, पंपाची घरघर थांबत नव्हती, माझं डोकं दुखत होतं. शेवटी मी काही न ठरवता ब्रश टेकवला, आणि मान किंचित डावीकडे कलली, डोळे मिटत आले, वरच्या दातांमधली फट दिसली. कागदावर बाबा हसले. आई, इतकं जिवंत चित्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. तोंडाजवळच्या संवादाच्या फुग्यात तुझं वाक्य लिहिलं आणि मलाच ते वाचवेना.

तुझा चेहरा मात्र जमला नाही. "ती हसली", म्हणजे कशी हसलीस? सवयीने? पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून? की तुला खरंच गंमत वाटली, रोज ताटासमोर बसणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नाही म्हणून? मी सगळ्या तऱ्हा काढून बघितल्या. शेवटी तू तव्याकडे वळलेली आणि पदराचं टोक खांद्यावरून घसरलेलं, एवढंच ठेवलं. ती मुलगी म्हणाली, चालेल. मला अजून चाललेलं नाही.

शेवटच्या दिवशी पानं पडवीत दोरीला चिमट्यांनी लावली होती, घरच्यांना बोलावलं होतं. बाबांना मी काही बोलले नव्हते. खरं तर येऊ नका असंच सुचवून बघितलं, ऊन आहे, भाट्याच्या पुलावर गर्दी असते म्हणून. ते इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षा करून आले. सगळ्या पोरांची पानं त्यांनी सावकाश बघितली, प्रत्येकाला कुठला रे तू म्हणून विचारलं. मग माझ्या पानांपाशी आले. चष्मा कपाळावर ढकलून, नाक कागदाला टेकेल इतकं जवळ जाऊन वाचू लागले. त्या चौकटीपाशी थांबले. मी मागे उभी होते. त्यांची मानच तेवढी मला दिसत होती.

"अगो, हा मी."

"गोष्टीतला माणूस आहे बाबा."

"हो. तुझी आईपण असंच म्हणाली होती."

पुढची पानं त्यांनी वाचली, अगदी तव्यापर्यंत. मग अंगणात फणसाखाली खुर्ची होती तिथे जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"अंक आला त्या दिवशी मी विचारलं होतं तिला. म्हटलं, हे मी बोललो होतो काय गो कधी? तर म्हणाली, छे हो, गोष्ट आहे ती. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी अंक घेऊन कचेरीत गेलो." मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "पाहुणे कोण होते ते आठवतंय मला. राजापूरचे होते दोघंही. काय बोललो ते नाही आठवत."

त्यांनी पडवीतल्या दोरीकडे बोट दाखवलं.

"हे पुस्तकात छापणार काय?"

"हो."

"मी आहे तोवर नको छापू. इथे सगळे ओळखतात मला. मी गेलो की मग छाप हवं तर."

ही पानं पुस्तकात देत नाही म्हटल्यावर ती पुण्याची मुलगी माझ्यावर चिडली. चिडणारच. सगळ्यांत चांगली पानं ही आहेत, म्हणाली. मग शांत होऊन म्हणाली, "चेहरा बदला ना ताई. एक माणूस बदलायचाय फक्त." मी दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून वेगळ्या कागदावर बदलत होते. नाक बदललं, चष्मा घातला, दातांमधली फट बुजवली. प्रत्येक वेळी वाक्य पुन्हा फुग्यातच पडून राहिलं. शेवटी मी पानं दोरीवरून काढून घेतली. सामान बांधताना ती दारात आली आणि म्हणाली, "ही गोष्ट तुमच्या आईची आहे. तुमच्या बाबांची नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि बॅगेची चेन लावली. पुस्तक निघालं, सुंदर झालंय. त्यात तू नाहीस. पाहुण्यांचं झालं, बाबांचं झालं, आमचं झालं, की उरलं तर तू, असंच आपल्या घरात चालायचं. या खेपेला ताटं मी मांडली होती.

बाबांवर मला राग आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. आहे. आणि ज्या माणसाने तुझ्या आजारपणात सात-आठ महिने तुझे केस विंचरले, तोच हा माणूस आहे, हेही मी बघितलंय. तू त्यांना छे हो म्हणालीस ते त्यांच्यासाठी की स्वतःला त्रास नको म्हणून, हे तूच सांगू शकली असतीस. खरं सांगितलं असतंस तर ते बदलले असते की दुखावले असते, कोण जाणे. घरात आता आम्ही दोघंच असतो. मासळी आणली की जेवायला बसण्याआधी ते विचारतात, "तुला ठेवलीस ना?" मी हो म्हणते. पूर्वी कधी विचारत नव्हते. आता दर वेळी विचारतात, आणि दर वेळी आम्ही दोघंही खाली ताटात बघतो.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. फाडूनच टाकेन बहुतेक. पण एक सांगायचं राहिलं, त्याच्यासाठीच तर बसले होते. मागच्या आठवड्यात बाबांना तपासायला नेलं होतं. डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, आजोबा, हृदय अगदी ठणठणीत आहे, काळजीचं काही नाही. बाबा खूश झाले. मीही झाले, देवाशपथ झाले. मग त्यांना हात देऊन रिक्षात बसवलं, शेजारी बसले, आणि रिक्षा सुरू होताना माझ्या मनात आलं, म्हणजे तुझ्या पानांना अजून बरीच वर्षं.