तब्येतीची सही

३ मार्च, रविवार
मूर्खांचा बाजार नुसता! फ्लाइंग क्लबवर सॉसेज भाजत दोन तास नव्या नियमावर चर्चा, आणि नियम एकानेही वाचलेला नाही. कॉल म्हणे, "आता लायसन्सच लागत नाही!" हा आमचा अध्यक्ष! रेक्स म्हणे, "छे, आता दोन डॉक्टर लागतात." अरे, साधी गोष्ट आहे. हौसेनं छोटं विमान उडवणाऱ्यांना आता डॉक्टरकडे जायची गरज नाही. प्रश्नावली आपणच भरायची, तब्येत ठणठणीत असल्याचं लिहायचं, खाली आपलीच सही.

मी भरली. चार मिनिटं लागली. एकाहत्तराव्या वर्षी विमान अजून माझं! उडणं गेलं तर माझ्यात उरतं काय? गुडघे आणि जीभ.

५ मार्च
रेक्सचा फोन. गुरुवारी अडीचशे किलोमीटर गाडी हाकत डब्बोच्या डॉक्टरकडे निघालाय. "जुना काय, नवा काय, मला कुठे कळतंय नेरिडा! दाखवून आलेलं बरं." म्हटलं, "जा बाबा, येताना अक्कल मिळाली तर घेऊन ये." हसला. तीस वर्षं माझी बोलणी खाऊन हसतोच आहे.

१० मार्च
धावपट्टीवरची कांगारू रेक्स हाकलतो, आज मला पिटाळावी लागली. डब्बोहून आला नाही म्हणे. रस्ता चुकला असणार, दुसरं काय!

इकडे कॉलने दिवे पाजळले. "सोबत कुणाला बसवायचं तर त्याचीही सही लागते." मी म्हटलं, "आणि कांगारूची?" सगळे हसले. कॉल वहीत लिहून घेत होता!

११ मार्च
फोन उचलत नाही. गाढव.

१२ मार्च
रेक्सच्या बायकोचा, डॉटचा फोन. डॉक्टरांनी त्याला घरी सोडलंच नाही. हृदयाच्या तीन नळ्या बंद. तिथूनच सिडनीला नेलं, छाती उघडली. वाचलाय. डॉट रडत होती, मधेच हसत होती. "त्याला नियम नीट कळला असता ना नेरिडा, तर गेलाच नसता गं. रविवारी वर असता, एकटा." 

१३ मार्च
विमान धुतलं. वर गेले नाही. वारा होता असं कॉलला सांगितलं. वारा कसला!

१४ मार्च
डब्बोच्या त्याच डॉक्टरकडे फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "नव्या नियमात तुम्हांला यायची गरज नाही, मॅडम." म्हटलं, "नियम मला पाठ आहे, पोरी. छातीत दुखतं का, असा प्रश्न आहे त्यात. 'नाही' लिहिलंय मी. जानेवारीपासून दुखतंय."