केळ्याच्या सॉसातल्या शेवया

अव्वा, आज मी तुझ्या चुलीवर पहिल्यांदा रांधलं, आणि तेही अप्पांना न विचारता. तीन वर्षांपूर्वी मी आखातात सुतारकामाला निघालो तेव्हा सोलापूर स्टेशनावर अप्पा एवढंच बोलले होते, "तिकडं काय बी कर, पण मटण खाऊन आलास तर माझ्या चुलीला हात लावू नको." सुट्टीवर येऊन मला आठ दिवस झाले. आठही दिवस अप्पाच भाकऱ्या थापतात आणि मी पाहुण्यासारखा ताटावर बसतो. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण चुलीपुढची जागाही सोडली नाही. आज सकाळी ते मठात गेले आणि घरात मी एकटा उरलो.

तिकडं माझ्या खोलीत फिलिपाइन्सचा एक वेल्डर आहे. त्याच्या देशात वाढदिवसाला लांब शेवया करतात, टोमॅटोच्या गोड रश्शात. त्यात केळ्याचा सॉस घालतात, दिसायला मिरचीसारखा लाल. निघताना त्यानं त्याची एक बाटली आणि शेवयांचा पुडा माझ्या पेटीत ठेवला. कृती मी वहीत नीट लिहून घेतली होती. साखर किती चमचे, पाणी किती बोटं, हे मी पुन्हापुन्हा विचारायचो आणि तो मोडक्या हिंदीत एकच सांगायचा, शेवया मोडू नको, मोडल्या की आयुष्य कमी होतं. ते ऐकताना मला आपलं अंगण दिसायचं. दोन बाजांच्या मध्ये काठी आडवी टाकलेली आहे, तिच्यावर तू शेवया वाळत घालते आहेस, आणि मी खालून एक तोडून कच्चीच खातो. तू पीठभरल्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "मोडू नको रे, पावण्यांना काय तुकडं वाढू?" इतक्या लांब शेवया करणारी माझी आई तू, आणि मी सातवीत असतानाच गेलीस.

पातेलं लहान होतं, शेवया बाहेर राहत होत्या. मी त्या न मोडता वाकेपर्यंत धरून उभा राहिलो. वाफेनं बोटं भाजली. कांदा, लसूण, टोमॅटो, सॉस, साखर, सगळं वहीत बघून घातलं. एक ओळ तेवढी सोडली. रस्सा खाली उतरवतो आहे तोच अप्पा दारात.

"काय करायलास रे?"

"शेवया, अप्पा. फिलिपाइन्सच्या."

"लाल कशानं झाल्या?"

"केळ्यानं."

"केळं कुटं लाल असतंय?" म्हणत ते पाटावर बसले. एक घास खाल्ला. "गोड हाय की! मग दूध कुटं हाय?" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तपेली उचलून ताटात दूध ओतलं. गोड शेवया दुधाशिवाय खातात हे त्यांना ठाऊकच नाही. टोमॅटोनं दूध फाटलं. मी ताट उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, दुसरं वाढतो."

"अन्न टाकतेत व्हय?" ते सगळं खाल्लं त्यांनी. मग आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे ताट धुऊन ते पाणी प्याले. तोंड पुसत विचारलं, "ह्यात आनिक काय घालतेत तिकडं?"

"काही नाही. एवढंच."

ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उद्यापास्नं चूल तू बघ. माज्यानं आता वाकवत न्हाय."

अव्वा, त्यात खिमा घालतात. तिकडं पहिले चार महिने मी माझ्या खाटेवर बसून एकटाच दही-रोटी खायचो. एका वाढदिवसाला सगळे जमिनीवर गोल करून बसले आणि त्या वेल्डरनं सरकून माझ्यासाठी जागा केली. मी जाऊन बसलो आणि खाल्लं. नंतर दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, खाल्लं. एकटं जेववत नव्हतं हे खरं, पण मला ते आवडलंही.

हे अप्पांना सांगायचं धाडस मला नाही. तुला सांगणं सोपं आहे. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र अप्पांनीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं.