आले होते

आई, आज सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. तुझी नात. तू तिला पाहिलेलं नाहीस. एकोणीस वर्षांची आहे, अमेरिकेत मी शिकले त्याच युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी सगळं समजतं पण बोलायची वेळ आली की इंग्रजीवर घसरते. मागच्या महिन्यात ती तिथल्या सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या मंडळात, दाखल झाली, मी होते त्याच घरात. आई तिथली जुनी सभासद असली की लेकीला जरा झुकतं माप मिळतं. काल त्या घरातलं जुनं कपाट आवरताना तिला माझ्या वेळची पाहुण्यांची वही सापडली. तिने एका पानाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मम्मा, इज धिस मराठी? व्हॉट डझ इट से?" पानावर डावीकडे मुलींची नावं आहेत, उजवीकडे त्यांच्या आयांच्या सह्या. माझ्या नावापुढची जागा रिकामी असायला हवी होती. तिथे निळ्या पेनाने, मराठीत, दोनच शब्द आहेत. "आले होते." मी भानावर आले तेव्हा आधणाचं पाणी आटून भांडं करपलं होतं.

ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. इथे बहारीनमध्ये सनाबिसचा आपला दोन खोल्यांचा फ्लॅट, डॅडी अस्करला अल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर, तू सलमानियाला हॉस्पिटलच्या लाँड्रीत. दुपारच्या सुट्टीत तू स्टाफच्या बसने वीस मिनिटांसाठी घरी यायचीस, माझं जेवण झाकून ठेवायचीस आणि परत जायचीस. मी शाळेतून यायचे तेव्हा फ्रीजच्या दारावर तुझी चिठ्ठी असायची. आले होते, आमटी गरम कर. आले होते, बोंबील मांजराला घालू नको, मला कळतं. खाली कधी "आई" लिहायची नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "सही कशाला? दुसरं कोण येणार आहे आपल्याकडे?" माझ्या लहानपणात तू जितकी दिसलीस त्याहून जास्त तू येऊन गेलेली असायचीस. घरात तुझा स्टार्चचा वास मागे राहायचा, आणि मी त्या वासाशी बोलत जेवायचे.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून तू मला लाँड्रीत नेलंस. वाफ, घरघर, आणि तुमचा सुपरवायझर दर दोन मिनिटांनी "यल्ला, यल्ला" करत घाई लावत फिरतोय. तू मला उशांच्या खोळी घडी करायला दिल्यास. तीन घड्या, कड आत, आणि शेवटचा एक कोपरा अंगठ्याएवढा उलटा मुडपलेला. नर्सचा एक हात पेशंटखाली असतो, म्हणून तिला दुसऱ्या हाताने तो कोपरा धरून कापड झटक्यात उघडता यावं. हे तुला कोणी शिकवलेलं नव्हतं, तुझं तूच काढलं होतंस, आणि तिथे बाकी कोणी तसं करत नसे. मी कंटाळून कड बाहेर ठेवून दहा-बारा खोळी उरकल्या. तू त्या सगळ्या उलगडून माझ्या अंगावर टाकल्यास. "कोण बघतंय म्हणून काम करायचं नसतं," म्हणालीस. मी रडले. तू मला जवळ घेतलं नाहीस, पण संध्याकाळी शावर्मा घेऊन दिलास. रागावणं आणि लाड यांत तू नेहमी एक जेवण मध्ये ठेवायचीस.

मग स्कॉलरशिप मिळाली आणि मी अमेरिकेला गेले. सोरोरिटीबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा तू बारकाईने चौकशी केलीस. फक्त मुलींचं घर? हो. एकमेकींना बहिणी म्हणायचं? हो. पांढरे कपडे घालून, मेणबत्ती धरून शपथ घ्यायची? हो. "मग हा मठच की गं! आणि तू कधी सकाळच्या मिस्साला धड उठली नाहीस." मी हसून हसून बेजार झाले. शुक्रवारच्या सुट्टीला चर्चमध्ये तू चारचौघींना सांगितलंस आणि वसईच्या मावश्यांनी माझ्या नावाने नऊ दिवसांचा नोव्हेना सुरू केला, पोरीला देवाचं बोलावणं आलं म्हणून. देवाला माझा पत्ता तरी ठाऊक होता का कोण जाणे.

पण मठात जायला कोणी परीक्षा घेत नसेल तशी परीक्षा इथे होती. आठवडाभर एकेका घरासमोर रांगेत उभं राहायचं. दार उघडलं की आतल्या मुली टाळ्या वाजवत गाणं म्हणायच्या, सगळ्या एकसारख्या हसणाऱ्या, आणि एकेक जण एकेकीला हाताला धरून आत न्यायची. त्यातल्या एका घरात जिन्याच्या भिंतीवर आधीच्या सगळ्या वर्षांचे फोटो होते. पांढऱ्या झग्यांतल्या मुलींच्या ओळीच्या ओळी, वर वर जाताना काळ्या-पांढऱ्या होत गेलेल्या. त्यांच्यात माझ्या रंगाची एकही नव्हती. मला ते घर हवंच होतं. एकटेपणाने मी अर्धी झाले होते, आई, हे तुला कधी सांगितलं नाही. मला हाताला धरून नेणाऱ्या मुलीने विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये असते. ती म्हणाली, "ओह, डॉक्टर?" मी तोंडाने काही बोलले नाही. मान हलवली. पेत्राने येशूला निदान तोंड उघडून नाकारलं होतं, मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मला त्या घरात घेतलं.

वसंतात आयांचा चहा असतो. सगळ्यांच्या आया येतात, लेकीच्या शेजारी बसतात, वहीत सही करतात. आमंत्रण तुला पोस्टाने गेलं, मला कल्पनाही नव्हती. तू रजा मागितलीस, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतलीस. "वसईहून सुकेळी मागवलीत," म्हणालीस, "तिथल्या सगळ्या पोरींना पुरतील एवढी. आणि बघ, मी काही बोलणार नाही इंग्लिशमध्ये, नुसती बसेन." मी म्हटलं, आई, यंदाचा चहा रद्द झालाय. तू म्हणालीस, "बरं. रजा परत देते मग. सुट्टी एक दिवसाचीच ठेवते, पडून राहीन. खलास, झोप आता." तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळी अकराला चहा सुरू झाला. तिथले अकरा म्हणजे इथले संध्याकाळचे सात, तुझ्या रोझरीच्या प्रार्थनेची वेळ. लख्ख ऊन होतं, खिडक्या उघड्या होत्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. माझ्या डॉक्टर आईला ऑपरेशन असल्यामुळे येता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मी मांडीवर नॅपकिन घ्यायला हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला. तीन घड्या. कड आत. शेवटचा कोपरा अंगठ्याएवढा उलटा मुडपलेला. मी टेबलभर नजर फिरवली. सगळेच तसे होते. चाळीस बायका तो कोपरा धरून नॅपकिन झटकत होत्या आणि कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात त्या घरचा स्वयंपाक बघणारी म्हातारी बाई माझ्या खुर्चीशी वाकली. "तुझी आई आत किचनमध्ये आहे," म्हणाली. "कधीची सांगतेय, बाहेर जाऊन लेकीजवळ बस. ऐकतच नाही. हाताला काम हवं म्हणते." समोरच्या दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. "माझी आई बहारीनमध्ये आहे," मी म्हटलं. "कोणीतरी दुसरी असेल." म्हातारीने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुझंच तोंड आहे तिचं," म्हणाली आणि निघून गेली. मी मोकळ्या डिश उचलायच्या निमित्ताने उठले, आणि परत येऊन बसले. केक खाल्ला. कसला होता आठवत नाही.

सगळे पांगल्यावर मी तिला गाठलं. ती बाई कुठे गेली? "गेली. बसची वेळ झाली म्हणाली." तुम्ही कुठल्या भाषेत बोललात? म्हातारी भांडी पुसता पुसता थांबली. बराच विचार केला तिने. "ते नाही बाई आठवत," म्हणाली, आणि मग तिलाच कसंतरी झालं असावं, कारण तिने पुढे काही विचारू दिलं नाही. मी वर पळाले, फोनचं कार्ड घासून तुझा नंबर लावला. दुसऱ्या घंटेला तू उचललास. आपल्या घरचाच फोन, मागे आपल्याच कूलरची घरघर.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"कुठे असणार? इथेच. रोझरी म्हणता म्हणता डोळा लागला. तू जेवलीस?"

"हो."

"गंमत बघ, आज सुट्टी होती मला. तरी हाताला स्टार्चचा वास येतोय."

मी फोन ठेवला आणि स्वेटर चढवला. भर दुपारी, उन्हात.

त्या उन्हाळ्यात मी घरी आले. एके दिवशी आपण दोघी चादरीची दोन टोकं धरून घडी घालत होतो. घडी घालताना माणसं जवळ येतात, तशी तू जवळ आलीस, माझ्या हातातली टोकं तुझ्या हातात घेतलीस आणि म्हणालीस, "दारापर्यंत येऊन मागे फिरू नये बाई कोणी. यायचं तर आत यायचं." मी विचारलं, कोणाबद्दल बोलतेस? तू चादरीचा कोपरा मुडपलास. "ते शेजारचं मांजर गं," म्हणालीस. शेजारच्यांचं मांजर त्याच्या आदल्या वर्षीच मेलं होतं, आई.

दीड वर्षाने तू गेलीस. मी विमानतळावरून थेट हॉस्पिटलमध्ये आले तर तुझ्या मैत्रिणींनी, लाँड्रीतल्या बायकांनी, तुझ्यावर घातलेल्या चादरीचा कोपरा तुझ्यासारखा मुडपून ठेवला होता. तो बघून मी जी रडले ती आजवर तशी रडलेली नाही. नंतर तुझी कागदपत्रं आवरताना पासपोर्ट उघडला. मुंबई, बहारीन, बहारीन, मुंबई. अमेरिकेचा व्हिसा नाही, शिक्का नाही. मला वाटलं, चला, सुटले. म्हातारीची नजर गेली असेल, नॅपकिनची घडी जगात आणखी कोणाला सुचली असेल. पंचवीस वर्षं मी या "असेल"वर काढली. लग्न केलं, सीफला बँकेत नोकरी धरली, सनाबिसलाच घर घेतलं. वही मात्र मी कधी उघडून बघितली नव्हती.

आज दुपारपर्यंत मी तुझ्या नातीला उत्तर दिलं नाही. शाई पसरलीय, वाचता येत नाही, असं लिहून दोनदा पुसलं. नाकारायची सवय लागली की हात आपोआप वळतो. तिसऱ्यांदा मात्र खरं लिहिलं. तुझ्या आजीचं अक्षर आहे. ती लाँड्रीत काम करायची, डॉक्टर नव्हती. मला तिची लाज वाटली आणि मी तिला येऊ दिलं नाही. तिथे पहाट झाली नसेल, तरी लगेच उत्तर आलं. पोरगी जागीच होती. "बट शी केम, मम्मा." तेवढंच. आणि मिनिटभराने, आयुष्यात पहिल्यांदा मोडक्या मराठीत, "आता माझा चहाला तू येणार ना?"

जाईन. तिकीट बघितलंय. त्या घराच्या किचनमध्ये पाय टाकायची भीती वाटते, पण जाईन. हे पत्र तीन घड्या घालून, कड आत, फ्रीजच्या दारावर लावून ठेवते, आणखी कुठे पाठवणार? पण घडी घालायच्या आधी एक राहिलंय. त्या दिवशी मी डिश उचलायच्या निमित्ताने उठले, असं वर लिहिलंय. त्या डिश घेऊन मी किचनच्या दाराशी गेले होते. दार अर्धं उघडं होतं. तू पाठमोरी होतीस, तुझी निळी साडी, बाह्या कोपरापर्यंत वर, समोर नॅपकिनची चळत. तुझे हात चालायचे थांबले, म्हणजे तुला माझी चाहूल लागली होती. मला भुताची भीती वाटली नाही. तू खरोखरच आली असशील याची भीती वाटली, आणि मी डिश बाहेरच्या स्टुलावर ठेवून मागे फिरले. मीही आले होते, आई. दारापर्यंत.