गंजलेल्या तोफेला दोन हात

ती. मामा आणि मामी यांना लांबूनच नमस्कार. (पाया पडल्याचं समजून घ्या, हात रंगाचे आहेत.) मामांचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? मी खुशाल आहे, फक्त विश्रांती घेऊन घेऊन दमलोय.

झालं असं की कामावर टाकी रंगवताना मला एका जागी थांबवेना, म्हणून मी शिडीसकट खाली आलो. (लागलं मुकादमाला.) तो म्हणाला, "आठवडाभर समुद्रावर जाऊन गप पड. सोमवारी माणसासारखा आलास तर काम, नाहीतर तिकडेच राहा."

म्हणून या तटबंदीच्या गावात आलो. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना जुनी भिंत, म्हणजे पळायलाही जागा नाही. खानावळीच्या बाईंनी खुर्ची दिली, म्हणाल्या, लाटा बघा. बघितल्या. एक बघितली की बाकीच्यांत नवीन काही नसतं. मग त्यांच्या खिडक्याच रंगवून टाकल्या, तर थोडं अस्तर आणि अर्धा डबा चंदेरी रंग उरला. मामा, उरलेला रंग वाळू द्यायचं तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत.

तटावर एक तोफ होती, गंजाचे पार पोपडे सुटलेले. जीव हळहळला. घासली, पुसली, तुमच्या पद्धतीने अस्तर मारलं, वाळल्यावर वरून दोन हात. अशी चमकली की समुद्रातल्या होडीवाल्याने डोळ्यांवर हात धरला! तेवढ्यात तटबंदीचे साहेब धावत आले. "अरे गाढवा, चारशे वर्षांचा गंज होता तो!" मी म्हटलं, साहेब, आता पुढची चारशे वर्षं काळजी नाही. ते मटकन खाली बसले. (कशावर ते लिहीत नाही, पण रंग ओला होता.)

आता हुकूम असा, तोफ होती तशी होईपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. रंग काही निघत नाही, कारण काम तुमच्या हाताखाली शिकलोय. आज बुधवार. सोमवार चुकला की नोकरी गेली.

ते असू दे. इथली हवा फार छान आहे. तुम्ही दोघांनी चार दिवस आरामाला यावं असं मनापासून वाटतं.

तुमचा भाचा

ता.क. पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ दिलंय. त्याच बसने या. तारेचे ब्रश आणि रंग काढायचं औषध आणा.

ता.क. दुसरा. साहेबांना सांगितलंय की माझे मामा जुन्या तोफांचे मोठे जाणकार आहेत. कोट घाला, मान डोलवा, तोंड उघडू नका. (मामी बरोबर असल्या तर तशीही वेळ येणार नाही.)

ता.क. तिसरा. हे मामींना वाचून दाखवू नका. रंग कमी पडला तेव्हा खानावळीच्या बाईंनी नवा डबा आणून दिला. तोफा पाच आहेत.