पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

नवागाम, सुरत
१३ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. रंजनाताईस,
धाकट्या कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत. आबांचा खोकला आहे तसाच आहे. आबा म्हणतात, तोही खुशाल आहे.

आता माझ्या विद्येविषयी. गणपतीपासून मी कॉम्प्युटरच्या क्लासला जातो हे तुला ठाऊक आहे. इतके दिवस आम्हाला थिअरी होती, म्हणजे कॉम्प्युटर काय काय करू शकतो हे सरांनी सांगायचे आणि आम्ही बाराजणांनी काचेपलीकडून त्याच्याकडे बघायचे. आतल्या खोलीत एसी आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात. इतक्या अदबीने मी दहावीच्या परीक्षेलाही बसलो नव्हतो. म्हणूनच तिथे नापास झालो असेन.

प्रॅक्टिकल दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायचे होते. सगळ्यांत कापडाच्या कारखान्यातला मी एकटाच, म्हणून पूजेचा मान मला मिळाला. आपल्याकडे लूमच्या लोखंडावर नारळ फोडतात, पाणी मशीनवर उडाले की वर्ष चांगले जाते. मी रीतीत काही कमी ठेवले नाही. हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली, टेबलाच्या कडेवर नारळ फोडला आणि उरलेले पाणी ओंजळीने वरून शिंपडले. कॉम्प्युटरने एकदा चट्ट आवाज केला, थोडा धूर सोडला आणि तो सद्गतीला गेला. उदबत्त्या लावलेल्या असल्याने धुराकडे आधी कोणाचे लक्षच गेले नाही.

सर रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटते. काल त्यांनी साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले. त्यावर स्केचपेनने सगळी बटणे काढलेली. प्रत्येकाला एक पुठ्ठा. बोटे बसली की झाले, ज्ञान तेच आहे, असे ते म्हणाले. दिवाळीपूर्वी परीक्षा आणि लगेच सर्टिफिकेट.

माझी काळजी अशी. कारखान्याच्या मालकांनी बजावले आहे की दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमला कारखाना उघडेल, त्या मुहूर्ताला जो लूमपुढे उभा असेल, पुढच्या दिवाळीपर्यंत ते लूम त्याचे. तोवर माझे लूम आबा सांभाळताहेत. त्याआधी कॉम्प्युटरची नोकरी लागली तर ठीक. तुझ्या सासऱ्यांना नारळाचे सांगू नकोस.

मायेत कसर करू नये.
तुझा,
कुंदन

पारोळा
२० ऑक्टोबर १९९७

चि. कुंदन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

नारळाचे मी कोणालाही सांगितले नाही. फक्त हर्षदाला सांगितले, आणि नणंद म्हणजे घरचीच. ती इतकी हसली की मामंजींनी आतून विचारले काय झाले. भाकरीचे पीठ डोळ्यांत गेले, असे तिने सांगितले.

तुझ्या आणि तिच्या लग्नाबद्दल मामंजी पुन्हा बोलले. साटंलोटं करायला त्यांची ना नाही, पण लूम चालवणाऱ्याला मुलगी देणार नाही. एकदा ते आपल्या खोलीवर मुक्कामाला होते, रात्रभर लूमचा खडखडाट ऐकला, तेव्हापासून सुरतेचे नाव काढले की कान झाकतात. मुलगा कॉम्प्युटरवाला असेल तर तुळशीच्या लग्नानंतर बोलू, म्हणाले. कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नाही, म्हणूनच त्यांचा त्यावर एवढा भरवसा आहे. जळगावचे एक स्थळही हाताशी ठेवले आहे. त्या मुलाकडे तीन सर्टिफिकेटे आहेत. तू निदान एक तरी आण.

आणि पुठ्ठ्याला हळदकुंकू लावू नकोस.

आशीर्वाद पुरवून वापर.
ताई

नवागाम, सुरत
२७ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पास झालो. ए ग्रेड. बाराही जणांना ए ग्रेड मिळाली; सरांच्या शिकवण्याला यापेक्षा मोठा पुरावा नको. परीक्षेत कीबोर्डचे चित्र काढायचे होते. माझे फार सुबक आले. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का आहे. आईने ते खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवले आणि मुलाखतीच्या दिवशी दहीसाखर आधी त्याला दाखवली, मग मला दिली.

मुलाखत रिंगरोडवरच्या एका साडीच्या पेढीत होती. शेठ भला माणूस. सर्टिफिकेट न वाचता त्यांनी ते चहाच्या कपापासून लांब ठेवायला सांगितले, आणि एक बिल टाइप करून दाखव म्हणाले. मी बसलो. बोटे न बघता बरोबर बटणांवर पडत होती. पडद्यावर काहीच येईना. शेठना वाटले मशीन बिघडले. त्यांनी राकेश नावाच्या ऑपरेटरला हाक मारली. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला आणि मग गुजरातीत हळूच म्हणाला की भाई, बटण दाबावे लागते. पुठ्ठ्यावर ते काम नव्हते. मग मी दाबले ते धरूनच ठेवले, आणि एकाच अक्षराने पडदा भरला. शेठनी चहा पाजला. सुरतेत नोकरी द्यायची नसली की चहा देतात.

सर म्हणाले, शेठ अडाणी आहे. मग त्यांनी मलाच क्लासमध्ये मास्तर व्हायला सांगितले. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे, म्हणजे ते कसे मिळवावे हे शिकवायला मी लायक आहे. नवी बॅच लाभपाचमलाच, त्याच मुहूर्तावर. तिकडे गेलो तर लूम गेले. इकडे राहिलो तर हर्षदा गेली. लगेच लिही.

लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
कुंदन

पारोळा
१ नोव्हेंबर १९९७

चि. कुंदन यास,
अनेक आशीर्वाद.

मास्तर हो की. मामंजी तुला जावईसर म्हणतील, मी तुझ्यासाठी सतरंजी अंथरीन. तुझ्याकडून ए ग्रेड घेऊन पोरे शेठ लोकांकडे जातील आणि सुरतेत चहाचा खप वाढेल.

हर्षदाने एवढेच विचारायला सांगितले आहे, की त्यातल्या एखाद्याने परत येऊन विचारले, सर, बटण दाबायचे का नाही शिकवले, तर तू काय सांगशील. मी सल्ला देत नाही. माझ्याकडे त्याचे सर्टिफिकेट नाही.

दिवाळीचे आशीर्वाद वेगळे धर.
ताई

नवागाम, सुरत
६ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लाभपाचमला मी लूमपुढे उभा राहिलो. सर म्हणाले, ए ग्रेडचा माणूस असा वाया जातो. मग त्यांनी दुसरा ए ग्रेडचा घेतला, त्यांच्याकडे अकरा शिल्लक होतेच.

शेठना विचारून राकेशने मला रविवारी पेढीवर बसू द्यायचे कबूल केले आहे. तिथे सर्टिफिकेट मिळणार नाही, बटणे मात्र खरी आहेत.

मामंजींना सगळे सांग, नारळासकट. मी लूमवाला आहे आणि यंदा तरी तोच राहीन. जळगावचे स्थळ त्यांनी पसंत केले तर मला वाईट वाटणार नाही, असे लिहायचे ठरवले होते. ते खरे नाही, म्हणून लिहीत नाही.

आठवण ठेवावी.
तुझा,
कुंदन

पारोळा
१४ नोव्हेंबर १९९७

चि. कुंदन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मामंजींना वाचून दाखवले. कॉम्प्युटर सांगून लूम गळ्यात मारता काय, असे म्हणून ते न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी जळगावचा मुलगा बघायला आला. मामंजींनी त्याची तिन्ही सर्टिफिकेटे हात धुऊन पाहिली. हर्षदाने पोह्यांची बशी ठेवता ठेवता विचारले, की आपण काम काय करता. तो म्हणाला, चौथा कोर्स करतोय.

पाहुण्यांना मामंजी एसटीवर सोडून आले. आत येऊन म्हणाले, त्या सुरतेच्या खोलीत झोप लागली नाही हे खरे, पण तिथे कोणी रिकामे बसलेले दिसले नव्हते. होकार आहे. हर्षदा डोळे पुसत चुलीपुढून उठलीच नाही, आणि या वेळी पीठही डोळ्यांत गेले नव्हते.

एक अट मात्र आहे. लग्नपत्रिकेत तुझ्या नावापुढे कंसात कोर्सचे नाव हवे, ए ग्रेडसकट, ठळक. भाऊबंदांत लूमवाला जावई खपेल, बिनकंसाचा खपणार नाही, असे ते म्हणतात.

आता आशीर्वाद दोघांत वाटून घ्या.
ताई

नवागाम, सुरत
२४ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात जाऊन आलो. कंस मामंजींच्या मनासारखा झाला आहे, माझ्या नावापेक्षा लांब. प्रूफ मी नीट तपासले. थोडी जागा उरली होती, म्हणून त्याच कंसात पुढे लूम कारागीर एवढे घालायला सांगितले. छापखानेवाल्याने मला समजुतीने सांगितले, की कंसात शिकलेले छापतात, करतो ते छापायची पद्धत नाही.

म्हणून हर्षदाच्या पत्रिकेवर तेवढे मी हाताने लिहिले आहे. सोबत पाठवतो. मामंजींना दाखवू नकोस.

लग्नाच्या चार दिवस आधी माहेरी ये, आणि येताना राग सोडून बाकी सगळे घेऊन ये.
तुझा,
कुंदन